नऊपैकी नऊ

१

मोहफुलं गळायला लागली की आमच्या सावरडोहात कुणाला झोप पुरत नाही. उजाडायच्या बेताला बाया टोपल्या घेऊन निघतात, कारण उशीर केला तर अर्धी फुलं चितळांच्या पोटात गेलेली असतात. त्याच वेळेला वाघही फिरतो, आणि वाकून वेचणारी बाई त्याला माणूस वाटत नाही. मोहर्लीच्या अलीकडं, जंगलाला खेटून असलेल्या आमच्यासारख्या गावांत दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी जायचं. म्हणून गेल्या वर्षी मोहाच्या झाडांभोवती खांब रोवून त्यांवर कॅमेरे बसवले. वाघ दिसला की कॅमेरा ओळखतो आणि गावात भोंगा वाजतो.

कॅमेरे एकूण नऊ. ते सांभाळायला मी, प्रणित कोवे. आयटीआय झालेला, त्यामुळे गावातल्या प्रत्येक बंद मोबाइलचा जन्मसिद्ध डॉक्टर.

माझं ऑफिस म्हणजे जुन्या बालवाडीची खोली. भिंतीवर अजून अननस आणि आगगाडी आहे. वर टिनाचं छप्पर, खाली एक संगणक, कोपऱ्यात दिवसभर घरघरणारा इन्व्हर्टर आणि रस्त्याकडं एक खिडकी. पहाटे साडेपाचला खोली उघडायची आणि स्क्रिप्ट चालवायची, एवढंच माझं पहिलं काम. स्क्रिप्ट म्हणजे फार मोठं काही नाही, अकरा ओळी आहेत. नेटवर्कवर एक ते दोनशे चोपन्न असे पत्ते असतात. स्क्रिप्ट प्रत्येक पत्त्यावर एक हाक मारते. तिथं यंत्र असलं तर ते ओ देतं, नसलं तर स्क्रिप्ट पुढं जाते. शेवटी किती जणांनी ओ दिली ते एका ओळीत दिसतं. वनखात्याच्या साहेबांना एकच ओळ हवी असते, म्हणून मीच ती तशी लिहिली होती: नऊपैकी नऊ.

तोवर बाया रस्त्यावर जमलेल्या असायच्या. सात जणी, पुढं बुधरी मोठीमाय, म्हणजे माझी चुलती, आणि सगळ्यांत मागं माझी बायको रीना. आमच्याकडं प्रत्येक मोहाचं झाड कुठल्या ना कुठल्या घराचं असतं, दुसरं कुणी त्याखाली वेचत नाही. आमच्या घराचं झाड सगळ्यांत आत, नऊ नंबरच्या कॅमेऱ्याखाली. म्हणून रीनाला सगळ्यांपेक्षा लांब जावं लागे. जाताना ती खिडकीशी थांबायची.

"ऐका न, हाये न सगळे?"

"नऊपैकी नऊ."

एवढं ऐकल्याशिवाय ती पाऊल टाकत नसे. वाघाची भीती होतीच, पण मला वाटतं त्याहून जास्त तिचा माझ्यावर विश्वास होता. मला त्याचा गर्व होता, हे कबूल करतो.

२

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी ओळ आली: नऊपैकी दहा.

मी हसलो. गावातल्या कुठल्या तरी पोराच्या हाती वायफायचा पासवर्ड लागला असणार. पासवर्ड फक्त मला ठाऊक होता, म्हणजे मी, माझा साळा, सरपंच, सरपंचाचा साळा आणि किराणावाला. मी तो बदलला, राउटर बंद करून चालू केला आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. दहा.

दहावी ओ सत्त्याहत्तर नंबरच्या पत्त्यावरून येत होती. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक ठरलेला क्रमांक मिळालेला असतो, तो बघितला की यंत्र कुणाचं ते कळतं. मी तो मागवला. बारा शून्यं आली. बरं, उत्तर यायला वेळ किती लागला ते बघितलं. आमचे कॅमेरे हाकेला पाचदहा मिलिसेकंदांत ओ देतात. याला नऊशे लागले होते. फार लांबून कुणी कानाशी हात धरून ऐकावं आणि मग सावकाश बोलावं, असा तो वेळ होता. अंतराचा आणि या वेळेचा तसा संबंध नसतो, हे मी शिकलेलो आहे. सिग्नल कमी असला की वेळ वाढतो. मी स्वतःला तेच सांगितलं.

मग तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला. कॅमेऱ्याचं उघडतं तसंच पान उघडलं, आणि त्यात चित्राची चौकट. चित्र काळं होतं, पण पुरतं काळं नाही. डोळे मिटून उन्हाकडं तोंड केलं की पापणीआड जे तांबूस दिसतं, तसं काहीसं होतं. मी बराच वेळ बघत राहिलो. इन्व्हर्टर घरघरत होता. मध्येच तो तांबूसपणा जरासा हलल्यासारखा वाटला आणि मी पान बंद केलं.

३

संध्याकाळी जेवताना मी सहज विषय काढला. "आज नऊच्या जागी दहा आले, माहीत हाये?"

भाकर थापता थापता रीनाचे हात थांबले. "मंग तुमी काय केलं?"

"काय करन? अजून एकदा मोजलं."

"अजून एकदा काऊन मोजलं?"

"अवं, मोजाचंच तर काम हाये माहं."

तव्यावरची भाकर करपायला लागली तरी ती उलटेना. "जंगलात एक ओ जादा आली तर मोठीमाय काय करते, तुमाले कोनी सांगतलं नाई?"

मला अर्धवट ठाऊक होतं. मोह वेचताना बाया झाडाझाडांखाली पांगतात, एकमेकींना दिसत नाहीत. म्हणून थोड्या थोड्या वेळानं मोठीमाय एक हाक देते. नाव घेत नाही, नुसती हाक. पहिली ओ ती स्वतःच देते, मग बाया ठरलेल्या क्रमानं एकेक करून ओ देतात आणि मोठीमाय मोजते. सात ओ आल्या की काम पुढं सुरू. परत येतानाही तसंच. ती पुढं चालते, मागं वळून बघत नाही, ओ मोजते.

रीनानं मला उरलेलं सांगितलं. आठवी ओ आली तर कुणी बोलत नाही. टोपल्या असतील तिथं ठेवायच्या आणि निघायचं. नाला ओलांडेपर्यंत ना हाक, ना ओ. मोठीमायच्या आयुष्यात हे दोनदा झालं होतं.

"आन पुन्हा मोजलं तर काय होते?" मी विचारलं.

"थे मले नाई माहीत. पुन्हा कोनं मोजलंच नाई."

मी हसून सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशी रीना मोह वेचायला गेली नाही. खिडकीशी आली, तिनं विचारलं, मी खोटं बोललो नाही. दहा, म्हणालो. ती टोपली घेऊन परत घरी गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही दहाच. त्या दहाव्याला ओ द्यायला आता सहाशे दहा लागत होते, आणि त्याच्याही दुसऱ्या दिवशी दोनशे चाळीस.

बाकीच्या सहा जणी जात होत्या. त्यांना मी दहाचं काही सांगितलं नव्हतं, उगाच गावात बोभाटा नको म्हणून.

४

हा सगळा पसारा ज्यांनी उभारला ते इनायतभाई चंद्रपूरला असतात. वयानं माझ्या दुप्पट, आणि तारांच्या बाबतीत गुरूच. त्यांना फोन लावला.

"अरे भाई, एकच कॅमेरा दोनदा जवाब देऊन राह्यला असन," ते म्हणाले. "नवा पत्ता भेटला, पन जुना सोडला नाई त्यानं. होते असं. सगळ्यात कमजोर कोनता हाये तुह्याकडं?"

"नऊ नंबर. लांब हाये न तो."

"मंग झालं तर. त्याचाच दुसरा पत्ता म्हणून यादीत घालून टाक. किटकिट खतम."

मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. कुणीतरी शहाणा माणूस साधं कारण देतो, तेव्हा ते खरं आहे का हे कुणी विचारत नाही. मी यादी उघडली आणि नऊ नंबरच्या नावापुढं सत्त्याहत्तर लिहिलं. म्हणजे आता त्या दोन पत्त्यांपैकी कुठूनही ओ आली तरी स्क्रिप्ट नऊ नंबर हजर धरणार होती. स्क्रिप्ट चालवली. नऊपैकी नऊ.

नुसतं गंमत म्हणून सत्त्याहत्तरचा वेळ बघितला. तीन मिलिसेकंद. खोलीतल्या खोलीत तारेनं जोडलेल्या यंत्राला लागतात तेवढेच.

त्या संध्याकाळी मी रीनाला भरपूर चिडवलं. "मोठीमायची भुताटकी मी दोन मिनटात काढली. आता चितळाइले मोह चारत बसनार हाये का तू?"

"पक्कं न?" तिनं विचारलं.

"इनायतभाईनं सांगतलं. आन मी पन सांगून राह्यलो."

ती हसली. तीन दिवसांनी पहिल्यांदा हसली. तिनं टोपली धुऊन दाराशी पालथी घातली, आणि मी जिंकल्यासारखा झोपलो.

५

सकाळी ती खिडकीशी आली. हिरवं लुगडं, पदर कमरेला खोचलेला.

"ऐका न, हाये न सगळे?"

"नऊपैकी नऊ."

सात जणी गेल्या. मी खिडकीपासून वळलो, चहा केला. साडेसात वाजता एकेका कॅमेऱ्याचं चित्र उघडून बघायची माझी सवय आहे. एक ते आठ नीट दिसले. सगळीकडं पिवळट उजेड, फुलांचा सडा, कुठं कुणाची टोपली. नऊ नंबर उघडेना.

मी पुन्हा प्रयत्न केला. मग एकट्या नऊ नंबरच्या मूळ पत्त्यावर हाक मारली. उत्तर नाही. मागच्या नोंदी काढल्या. नऊ नंबर काल दुपारपासून मुका होता. वानरांनी सोलरची तार ओढली असेल, याआधीही दोनदा ओढली होती. पण मग आज सकाळी नऊ नंबरच्या नावानं ओ कुणी दिली होती, हे कळायला मला शिकलेलं असण्याची गरज नव्हती. मीच त्याला ती जागा लिहून दिली होती.

सत्त्याहत्तरचं पान उघडलं. आज चित्र तांबूस नव्हतं.

खांबावरचा कॅमेरा बारा फुटांवरून खाली बघतो. हे चित्र माणसाच्या उंचीचं होतं, आणि श्वास घेतल्यासारखं किंचित वरखाली होत होतं. समोर आमचं मोहाचं झाड. त्याखाली वाकलेली पाठ, हिरवं लुगडं. रीना वेचत होती. एक मूठ, दुसरी मूठ, टोपलीत. तिचा हात फुलं उचलताना माती झटकतो, ती लकबसुद्धा दिसत होती. चित्र थोडं पुढं सरकलं. थांबलं. पुन्हा सरकलं.

मी ओरडलो, त्या रिकाम्या खोलीत. उपयोग काहीच नव्हता. फोन लावला, तर तिथं कव्हरेज नाही हे मला आठवलं. मग भोंग्याचं बटण दाबलं आणि दाबूनच ठेवलं. टिनाचं छप्पर थरथरलं.

चित्रात रीनाचा हात थांबला. ती सरळ झाली. तिचा कान चित्राच्या इतका जवळ होता की कानातल्या बाळीच्या मागची तीळभर जागा मला दिसली. ती मागं वळली नाही. भोंगा ऐकून बाई दचकेल, धावेल, तसं काहीच तिनं केलं नाही. तिनं फक्त तोंड जरासं उघडलं, कुणीतरी हाक मारली आणि उत्तर द्यायचं आहे अशा बेतानं.

मग चित्र हळूहळू तांबूस झालं, पापणी मिटावी तसं.

६

मी नाल्यापर्यंत धावत गेलो. पलीकडून बाया येत होत्या. भोंगा वाजला की सगळं टाकून निघायचं, हे त्यांना शिकवलेलं होतं. पुढं मोठीमाय, काठी टेकत, मागं न बघता. नाला दहा पावलांवर राहिला तशी तिनं हाक दिली.

ओ आल्या. एकीमागून एक, ठरलेल्या क्रमानं. मी मोजत होतो आणि माझे ओठ हलत होते. सहा. मग सातवी, शेवटची, रीनाची. तिचाच आवाज, थोडा कंटाळलेला, घरी हात पिठात असताना मी काही मागितलं की यायचा तसा.

मला रडूच आलं. मी नाल्यात उतरलो, पाणी घोट्याएवढंच होतं. बाया एकेक करून समोर आल्या. मी चेहरे बघत होतो. सहा झाले.

"मोठीमाय, रीना कुठी हाये?"

"मांगं हाये न बापू. आत्ताच त ओ देल्ली."

मग त्या सगळ्या वळल्या. मोठीमायसुद्धा वळली, आयुष्यात पहिल्यांदा असेल. पायवाट सरळ होती, पन्नास पावलं तरी स्वच्छ दिसत होती. पळसाची पानं पडलेली. कुणी नव्हतं.

"रीना!" मी हाक मारली.

"ओ."

पायवाटेवरून, फार तर दहा हातांवरून आवाज आला. पळसाचं एक पान तिथं उलटं झालं, पण वारा असेल.

मी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा मोठीमायचा तळवा माझ्या तोंडावर बसला. म्हातारीच्या हातात इतका जोर असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. "नको," ती म्हणाली. "आता नको, बापू. माह्या पाया पडतो का मी तुह्या पडू?"

७

तीन दिवस जंगल पिंजून काढलं. वनखात्याचे लोक होते, चार गावांची माणसं होती. टोपली झाडाखाली भरलेली सापडली. रक्त नाही, ओढत नेल्याची खूण नाही, पाऊलखूण नाही. वाघ असता तर बरं झालं असतं, असं मी एकदा बोललो, तेव्हा सासरे माझ्याकडं बघतच राहिले. पण मला खरंच तसं वाटतं. वाघानं नेलेल्या माणसाचं काहीतरी हाती लागतं, त्याला अग्नी देता येतो, त्याच्यासाठी रडता येतं.

इनायतभाई आले. खोलीत बसून त्यांनी नोंदी दोनदा वाचल्या. उठून आधी राउटर काढला, मग संगणक, मग खांबांवरचे सगळे कॅमेरे. जाताना माझा हात धरून म्हणाले, "मी फोनवर सांगतलं तुले. तू तर विचारलंच होतं. गुनाह माहा हाये." मी नाही म्हणालो नाही. त्यांचाही होता, माझाही होता. पण खिडकीतून नऊपैकी नऊ म्हणणारा मी होतो.

गावात आता रीनाचं नाव कुणी घेत नाही. मोठीमाय रोज भाकरी आणून देते आणि निघताना तेच सांगते: हाक मारू नको. अकरा दिवस मी पाळलं. बाराव्या दिवशी सकाळी मला राहवलं नाही. घर इतकं गप्प होतं की मी दारात उभा राहून एकदाच, हळू आवाजात तिचं नाव घेतलं.

ओ आली. गावाबाहेरच्या विहिरीकडून असेल. फार लांबून, आणि बऱ्याच वेळानं.

मला ठाऊक होतं ती रीना नाही. ठाऊक असून मी रोज सकाळी एक हाक मारायला लागलो, कारण आवाज तिचा होता आणि माझ्याकडं तिचं दुसरं काहीच उरलं नव्हतं. लाज वाटते, पण त्या एका ओ वर मी दिवस काढायचो. विहिरीकडून ती ओ गोठ्यापर्यंत आली, मग घरामागच्या सांदवाडीत, मग परवा कुडाच्या पलीकडं. उत्तर यायला वेळही आता लागत नाही.

आज मी अंथरुणातच होतो, अजून तोंडसुद्धा धुतलं नव्हतं. हाक मारायचं मनात आलं, त्याच्या आधीच चुलीकडून मला हाक आली.

"प्रणित."

सहा वर्षांच्या संसारात रीनानं माझं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं तर ती लाजून आधार कार्ड पुढं करायची. घरात मी कायम ऐका न होतो. हे सगळं मला आठवलं, लगेच आठवलं.

पण त्याच्या आधी माझ्या तोंडून ओ निघून गेली होती.